शिधापत्रिका गावाकडे, भूक ओरगडमला

तामिळनाडूत महासाथीच्या काळात कोणावर अर्धपोटी राहण्याची वेळ आली असेल, हे दिल्लीतील अनेक धोरणकर्त्यांना पटत नाही. सकृद्दर्शनी त्यांचे म्हणणे चुकीचेही नाही. शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना कामराज यांनी १९५६ मध्ये अमलात आणली आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिला राज्यव्यापी पोषण आहार योजनेचे रूप दिले. पुढे त्या ताटात अंडेही आले. रेशनच्या तांदळासाठी येथे उत्पन्नाची अट नाही. २०११ पासून तो मोफत आहे, शिवाय तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपयांना मिळते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी येताच तांदळाच्या शिधापत्रिकेवर १,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. २०२१ मध्ये नव्या सरकारने दोन हप्त्यांत ४,००० रुपये आणि सोबत १४ वस्तूंचा किराणा दिला. लाभार्थी कुटुंबे २ कोटी ७ लाखांच्या आसपास. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या कमी गोंधळात मदत पोहोचवणारी राज्ये देशात फार नाहीत.

तरीही मला ओरगडमविषयी लिहायचे आहे, आणि ते याच राज्यात आहे म्हणूनच लिहायचे आहे.

चेन्नईच्या नैर्ऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर श्रीपेरुम्बुदूरच्या पट्ट्यात ओरगडम आहे. ‘सिपकॉट’ हे राज्याचे औद्योगिक महामंडळ, म्हणजे महाराष्ट्रातील एमआयडीसीचे भावंड. त्याच्या येथील वसाहतीत मोटारी, मालमोटारी, मोटारसायकली आणि टायर तयार होतात. रेनो-निसान, डेमलर, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे आहे. या लहान कारखान्यांत, गोदामांत आणि बांधकामांवर ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आसाममधून आलेले तरुण कंत्राटदारामार्फत कामाला लागतात. एका खोलीत अनेकजण राहतात. भाडे सगळे मिळून देतात. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला गेलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

या माणसाचे पोट भरते कसे, हा प्रश्न धोरणाच्या कागदांत सहसा नसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास उपाहारगृह चालवावे लागत होते. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७० च्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. त्यामुळे पाळीवर असलेल्या कामगाराचे एक जेवण, कधी दोन, कारखान्यात होतात. उरलेले जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीत किंवा आळीपाळीने पेटवल्या जाणाऱ्या एका शेगडीवर. कारखाना चालू आहे तोवर ही व्यवस्था बरी चालते. वरण-भात, सांबार, भाजी, आठवड्यातून केव्हातरी अंडे यांतून मिळणारी प्रथिने त्याच्या गावच्या घरी मिळतीलच असे नाही. पण हे जेवण पाळीला बांधलेले आहे. पाळी थांबली की ताट थांबते. त्याच दिवशी मजुरीही थांबते आणि उधारीवर जेवू घालणारी खानावळही बंद होते.

२५ मार्च २०२० पासून नेमके हेच घडले. तामिळनाडूतील स्थानिक कुटुंब त्या दिवशी आपल्या शिधापत्रिकेकडे वळू शकत होते. ओडिशाच्या बलांगीर जिल्ह्यातून आलेल्या मजुराची शिधापत्रिका बलांगीरमध्येच होती. एका बाजूला घराला बांधलेला हक्क, दुसऱ्या बाजूला कामाला बांधलेले जेवण, आणि हा माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत. फट एका राज्याच्या कोत्या मनामुळे पडलेली नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उदार व्यवस्थेतही ती पडते, कारण ‘सार्वत्रिक’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘राज्याची शिधापत्रिका असलेले सर्व’ असाच होतो.

धान्य नव्हते असेही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो, पण येथे आड काठोकाठ भरलेला होता. १ एप्रिलला सरकारी कोठारांत २१० लाख टन धान्य असावे असा निकष आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक साठा होता. २६ मार्चला जाहीर झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेने सुमारे ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो जादा धान्य मोफत दिले, आणि ही कामगिरी लहान नव्हे. पण ते शिधापत्रिकाधारकांना होते. ‘स्वान’ या स्वयंसेवी गटाने एप्रिलच्या मध्याला ११,१५९ अडकलेल्या मजुरांच्या मुलाखतींवर अहवाल काढला, तेव्हा त्यांपैकी ९६ टक्क्यांना सरकारी शिधा मिळालेला नव्हता. शिधापत्रिका नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी ८ लाख टन धान्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी, टाळेबंदीला सात आठवडे झाल्यावर. तोवर चेन्नईच्या परिसरातले मजूर ‘आम्हाला गावी पाठवा’ म्हणत रस्त्यावर आलेले होते. त्या ८ लाख टनांतले निम्मेही धान्य पुढे मजुरांच्या हाती पडले नाही.

तामिळनाडू सरकारने परप्रांतीय मजुरांसाठी तांदूळ, डाळ आणि तेल देण्याची व्यवस्था वेगळी केली होती, हे नमूद केले पाहिजे. पण अशा वाटपाला यादी लागते, आणि यादी कंत्राटदाराकडे असते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा कायदा कंत्राटदाराला परवाना घ्यायला आणि मजुरांची नोंद ठेवायला सांगत होता. ती नोंद जितकी अपुरी तितकी कंत्राटदाराची जबाबदारी कमी. ज्याला माणसे कमी दाखवण्यात फायदा आहे त्याच्याच वहीवरून अन्नवाटप करणे, हा आपल्या प्रशासनाचा जुना भाबडेपणा म्हणायचा की सोय, हे वाचकांनी ठरवावे.

यावर उत्तर म्हणून ‘एक देश, एक शिधापत्रिका’ पुढे केली जाते. योजना चांगली आहे आणि मी तिचा समर्थक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात या जोड्यांपासून तिची सुरुवात झाली. तामिळनाडू तिच्यात आले ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणजे पहिल्या टाळेबंदीत ओरगडममध्ये तिचा उपयोग नव्हता. आता आहे. पण नेमके काय प्रवास करते ते पाहा. केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याखालील माणशी ५ किलो धान्य तेवढे प्रवास करते. गावचे राज्य स्वतःच्या तिजोरीतून जे काही जास्तीचे देते ते गावीच राहते, आणि तामिळनाडूची स्वस्त डाळ व तेल तामिळनाडूच्या शिधापत्रिकेवरच मिळते. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम तांदूळ, जेमतेम पावणेसहाशे उष्मांक. जड काम करणाऱ्या तरुणाच्या गरजेचा तो लहानसा भाग आहे, आणि त्यात प्रथिने किती ते सांगायला नको. अन्नसुरक्षा आणि पोषण यांतले अंतर सीमा ओलांडताना असे वाढते.

आणखी एक अडचण घरातली आहे. शिधापत्रिका कुटुंबाची असते. मजुराने आपला वाटा ओरगडमला उचलावा आणि बाकीच्यांनी आपला वाटा गावी घ्यावा, अशी तरतूद नियमांत आहे. पण गावचा दुकानदार ती मानेल का, या धास्तीने बहुतेक पुरुष आपला वाटा गावाकडेच राहू देतील. त्यांना दोष कसा द्यावा? हा माणूस कमाईसाठी घर सोडून आला आहे. घरच्या ताटातले धान्य उचलायला तो आलेला नाही.

म्हणून अशा ठिकाणी शिजवलेले अन्न हाच पहिला उपाय असावा, असे माझे मत आहे. कोरडा शिधा चूल, भांडी आणि इंधन गृहीत धरतो. शिजवलेल्या जेवणाला ओळखपत्र लागत नाही, आणि ज्याला गरज नाही तो सहसा त्या रांगेत उभा राहत नाही. चेन्नईत २०१३ पासून चाललेल्या अम्मा उणवगमांनी हे दाखवून दिले. एक रुपयाची इडली आणि पाच रुपयांचा सांबारभात टाळेबंदीत हजारो परप्रांतीयांच्या उपयोगी पडला, काही काळ तर तो मोफतही होता. पण ती योजना मुळात महापालिका आणि नगरपालिकांची. ओरगडम कितीही कारखान्यांनी वेढलेले असले तरी दप्तरी गावच आहे. शहराची स्वयंपाकघरे त्याच्यापर्यंत येत नाहीत, आणि गावासाठीच्या योजना गृहीत धरतात की येथे राहणारा येथलाच आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत वेगळी वाट धरली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदी येताच पाच रुपयांची झाली, तालुक्यांपर्यंत नेली गेली, आणि एप्रिल २०२१ पासून काही काळ मोफत होती. शिधापत्रिका विचारली जात नाही. उणीव आहे ती दर केंद्रावरील थाळ्यांच्या दैनिक मर्यादेची आणि केंद्रांच्या जागांची. ती बाजारपेठ, बसस्थानक, रुग्णालय यांच्या आसपास सुचतात. औद्योगिक वसाहतीचा विचार उशिरा होतो. खरे तर महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने शिकायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी कामावरच वाटली गेली. ती खाणारा कोणत्या गावचा, हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही.

माझी सूचना साधी आहे. ओरगडमसारख्या वसाहतींत मोठी, यंत्रसज्ज स्वयंपाकघरे आधीच आहेत: कारखान्यांची उपाहारगृहे. टाळेबंदीच्या दिवशी ती बंद करण्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी ठरावीक दराने चालू ठेवावीत, तांदूळ-डाळ अन्न महामंडळाच्या आणि राज्याच्या कोठारातून द्यावी, आणि जेवण कामगारवस्त्यांत पोहोचवावे. कंत्राटी असो वा कायम, पाळीवर असो वा नसो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याला एवढे अधिकार आहेत. जिथे कुटुंबे आली आहेत तिथे अंगणवाडी सेविकेने त्या वस्त्यांतील मुले आणि गरोदर स्त्रिया नोंदवाव्यात. २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एकात्मिक बालविकास सेवा प्रत्येक मुलासाठी आहेत, त्यात राज्याची सीमा येत नाही.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: बिहारच्या माणसाला तामिळनाडूच्या करदात्याने का जेवू घालावे? आक्षेप हलका नाही, कारण सार्वत्रिक शिधावाटपाचा जादा भार राज्य स्वतः उचलते. पण ओरगडममधून निर्यात होणाऱ्या मोटारींचे श्रेय, गुंतवणूक आणि महसूल राज्य आपलाच मानते. त्या मोटारी जोडणाऱ्या हातांचा बंद काळातील खर्च तेवढा परका कसा? धान्याचा खर्च केंद्राने आणि शिजवण्याचा खर्च राज्य व उद्योगांनी वाटून घ्यावा, ही विभागणी मला न्याय्य वाटते.

२९ जून २०२१ ला न्यायमूर्ती अशोक भूषण आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांच्या पीठाने ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत ‘एक देश, एक शिधापत्रिका’ लागू करण्यास सांगितले. सामूहिक स्वयंपाकघरे महासाथ संपेपर्यंत चालवण्याचा, स्थलांतरितांना कोरडा शिधा देण्याचा आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची संख्या नव्याने ठरवण्याचाही आदेश होता. ती संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर अडली आहे. महाराष्ट्राची ७ कोटींची मर्यादा त्यातूनच आलेली. निकाल आला तेव्हा योजनेबाहेर असलेली चार राज्ये होती आसाम, पश्चिम बंगाल, छत्तीसगड आणि दिल्ली. त्यांतल्या पहिल्या दोन राज्यांचे तरुण आजही ओरगडमच्या खोल्यांतून राहतात, आणि निकालाच्या सुमारास तिसऱ्या लाटेची चर्चा सुरू झाली होती. सिपकॉटच्या वसाहतीत किती स्वयंपाकघरे आहेत आणि दिवसाला किती ताटे वाढू शकतात, हे मोजायला कांचीपुरमच्या जिल्हा प्रशासनाला एक आठवडा पुरेल.