भरपाई कोणाला मिळाली ते विचारा!



मागच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. मी बोललो, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांचे वारस आज जगापुढं हिशेब मागताहेत, मग आपण का मागू नये? तर आपलाच एक शिकलेला कार्यकर्ता उठला. "कवी भौ, आपन स्वाभिमानी मानसं. भिकेचा कटोरा कायले हाती घ्याचा?" टाळ्या पडल्या. मी गप बसलो. मले चारचौघांत बोलता येत नाही. रात्रपाळीला तुटलेले धागे जोडता जोडता जे डोक्यात आलं ते इथं लिहितो.

भरपाई म्हणजे भीक, हे कोणी शिकवलं तुम्हाला?

इंग्रजांनी १८३३ साली गुलामी बंद करायचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई वाटली. कोणाला? गुलामांच्या मालकांना! ज्यांच्या पाठीवर चाबूक ओढले त्यांना छदाम नाही. उलट त्यांनी उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकाकडं राबायचं. मालकांना वाटायला काढलेलं कर्ज इंग्रज सरकार २०१५ सालापर्यंत फेडत होतं. हैतीच्या गुलामांनी लढून स्वतःला सोडवलं, तर १८२५ साली फ्रान्सनं त्यांच्याच माथी १५ कोटी फ्रँक मारले. माणूस चोरला त्यांनी, आणि माल गेला म्हणून भरून द्यायचं त्या माणसानं!

दूरचं राहू द्या. नागपुरात या. हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, १९५० साली, मालगुजारी मोडायचा कायदा झाला. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. त्यांना भरपाई मिळाली. घरशेतीची जमीन त्यांच्याकडंच राहिली. तरी ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. त्यांच्या हातात कटोरा दिसला का कोणाला?

माझा पणजा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात कोतवाल. रात्रीची गस्त, मेलेलं ढोर, साहेबाच्या घोड्याला गवत, वाड्यावरची लाकडं. आजी सांगायची, सणाच्या दिवशी तो वाड्याच्या मागच्या दारी उभा राहायचा, आणि शिळं पदरात पडलं की वाकून जोहार करायचा. मालगुजारी गेली तेव्हा त्याला काय मिळालं? जोहार बंद झाला. ते बाबासाहेबांमुळं, सरकारमुळं नव्हे. तिकडच्या तळ्यांना अजून मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली तरी नाव त्याचंच. टोपल्यानं माती वाहिली त्यांचं नाव कोणत्या तळ्याला आहे?

तिकडं पश्चिमेला महार वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, ते पास झालं नाही. वतन मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्यात काय लिहिलं? वतनाची जमीन परत हवी तर साऱ्याच्या तिप्पट रक्कम सरकारात भरा, मुदतीत भरा, आणि पुढं कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकू नका. मालगुजाराला सोडताना सरकारनं दिलं, महाराला सोडताना सरकारनं घेतलं. दोस्तहो, हे दोन कायदे शेजारी ठेवून एकदा वाचाच.

"आरक्षण दिलं ना!" आमच्या खात्यातला जॉबर रोज म्हणतो. अरे, आरक्षण म्हणजे कारभारात आपला वाटा. मागची मजुरी त्यात कुठं आली? माझ्या घरात आजवर एकही सरकारी नोकर नाही, हे वेगळंच.

हे खूळ परदेशी आहे असंही कोणी म्हणालं. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली, तेव्हा विरोध केला तो आपल्याच देशाच्या सरकारनं.

पण त्या कार्यकर्त्याच्या मनात एक भीती आहे, ती मला खोटी वाटत नाही. पैसे घेतले की पावती फाडतील आणि म्हणतील, झालं, फिटलं, आता तोंड उघडू नका. म्हणून मी नोटा मागत नाही. जमीन मागतो. तीही दोन एकरवाल्या कर्जबाजारी कुणब्याची नव्हे, सरकारनं द्यावी. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९६४-६५ साली लाखो माणसं जेलात गेली ती जमिनीसाठी, भिकेसाठी नाही. त्यांच्याच नावानं २००४ साली योजना निघाली, ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती. सुरुवातीला त्यातही अर्धं कर्ज! २०१८ पासून सगळं अनुदान झालं. पण जमीन कोणी विकायला काढली तर. नाही काढली तर बसा अर्ज घेऊन.

पुढच्या बैठकीत मी गप बसणार नाही. पणजाच्या गावचा वाजिब-उल-अर्ज काढायचा आहे. गावच्या रीती, कोणी काय राबायचं, हे त्यात लिहून ठेवलेलं असे. सोमवारी सुट्टी मिळाली तर भंडाऱ्याला जातो. ज्याला आपल्या गावचा कागद काढायचा असेल त्यानं सोबत यावं, अर्जाचा खर्च वाटून घेऊ.