हुजुरापुढे गायिलेली फिर्याद

(तबकडीमागील कथा)

राज्यकर्त्यांची स्वारी यावयाची असली म्हणजे स्वागतगीत बसविणे एकाकडे आणि निवेदनाचा कागद पुढे करणे दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, १९८६ साली गोव्यातील एका शासकीय समारंभात रेमो फर्नांडिस या गायकाने तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमक्ष, त्यांनाच नावाने हाक मारून, गोव्याच्या अडचणींचा पाढा चालीवर वाचला तेव्हा वृत्तपत्रांतून बराच गिल्ला झाला. स्वतः पंतप्रधानांनी मात्र गीत आवडल्याचे पत्राने कळविले.

हा प्रसंग सांगणारे बहुधा गायकाच्या धाडसापाशी थांबतात. माझ्या मते त्याचे मूळ दोन वर्षे मागे, बार्देश तालुक्यातील शिवोली गावातल्या एका घरात शोधावे लागते. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकलेला, तेथेच 'सॅव्हेजिस' या रॉकवृंदात वाजविलेला हा तरुण आपली गाणी घेऊन मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे उंबरठे झिजवून रिकाम्या हाती परतला, आणि १९८४ साली त्याने 'गोवन क्रेझी' हा संपूर्ण संग्रह घरीच मुद्रित केला. साधन म्हणाल तर साध्या कॅसेटच्या अरुंद फितीवर चार समांतर पट्टे उमटविणारे एक यंत्र. एका पट्ट्यावर एक वाद्य वाजवावे, ते ऐकत दुसऱ्यावर दुसरे, मग आवाज. पट्टे अपुरे पडले म्हणजे भरलेले पट्टे एकत्र करून उरलेल्यावर उतरवावेत आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा आरंभ करावा. अशा प्रत्येक नकलेगणिक फितीची खरखर वाढते, म्हणून कोणते वाद्य आधी आणि कोणते मागून, याचा हिशेब पक्का असावा लागतो. सारी वाद्ये त्याची, सारे आवाज त्याचे, वेष्टनावरील चित्रही त्याचेच. आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोहोचविणारा हमालही तोच.

ज्याच्या गाण्यावर कोणा शेटजीचा बोजा नाही, त्याला दरबारातही कोणाची भीड बाळगण्याचे कारण उरत नाही. कंपनीच्या करारात बांधलेल्या गायकाने ते गीत आधी कचेरीत दाखविले असते, आणि कचेरीने ते बासनात बांधले असते. (१९८६ सालीच त्याने मादक द्रव्यांविरुद्ध 'पॅक दॅट स्मॅक' हा संग्रह काढला, तो विषयही कोणा विक्रीप्रमुखाला सुचला नसता.) शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी हेच स्वातंत्र्य भोगले खरे, पण त्यांच्या पाठीशी लालबावटा कलापथक होते, हा एकटा होता. पुढे कंपन्या आल्या, चित्रपट आले, २००७ साली पद्मश्रीही आली. तो भाग मला तितकासा रोचक वाटत नाही.

जालना जिल्ह्यातील आमच्या वडीगोद्रीत फिर्यादींचे दुर्भिक्ष नाही. २०२४ च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचे उपोषण येथेच झाले, आणि शेजारच्या अंतरवाली सराटीचे नाव तर मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे त्याआधीच राज्यभर झाले होते. त्या काळात निवेदने, शिष्टमंडळे आणि भाषणे यांचा पूर लोटला. शिवोलीच्या त्या यंत्राहून कैक पटींनी समर्थ मुद्रणशाळा आज येथील प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. तिच्यातून निपजते काय, तर बहुतांशी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी! पैठणच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनाविषयी, उसाच्या रखडलेल्या तोडीविषयी, तहसिलीत अडकलेल्या फेरफाराविषयी कोणी एखादे गाणे रचून घरीच मुद्रित केले असेल, तर ते या स्तंभाकडे अवश्य पाठवावे. खरखर माफ आहे.

— श्रोता, वडीगोद्री