समुद्रतळाचा ताप कोण मोजणार?

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे बलुचिस्तानच्या किनाऱ्यालगत, मकरानच्या समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांत त्याची त्सुनामी मुंबईला पोहोचली आणि इथलीही माणसे वाहून गेली. त्सुनामी म्हटले की आपल्याला २००४ आणि तमिळनाडू आठवते. मुंबईची लाट आपण विसरलो.

मकरानमध्ये अरबी भूपट्ट इराण-पाकिस्तानच्या जमिनीखाली सरकतो आहे. तो कुठे अडकेल आणि कुठे सुटेल, हे बरेचसे दोन गोष्टींवर ठरते. दोन्ही आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीच्या : तापमान आणि दाब. साधारण १०० ते ३५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात खडक एकमेकांत अडकून ताण साठवतात. त्याहून गरम झाले की मऊ पडून सरकू लागतात. गाळात कोंडलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर त्याचा दाब वाढतो आणि खडकांची पकड सैल होते.

म्हणून शास्त्रज्ञ समुद्रतळाच्या चिखलात तापमापक बसवलेली लांब सळई रोवतात आणि खोलीबरोबर तापमान किती चढते ते पाहतात. मकरानच्या तापमानाचा असा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या गाळाचे पांघरूण कित्येक किलोमीटर जाड असल्याने खालचा थर अपेक्षेपेक्षा उबदार आहे. त्यामुळे अडकणारा पट्टा रुंद असू शकतो आणि १९४५ पेक्षा मोठा भूकंप शक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी पाकिस्तानातील भूकंपानंतर ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचे बेट वर आले. खाली वायू आणि पाणी किती दाबाखाली आहेत, याची ती चुणूकच.

या मोजणीतून भूकंपाची तारीख कळत नाही, हे मान्य. पण रक्तदाब मोजून पक्षाघाताची तारीख तरी कुठे कळते? धोका कळतो, आणि तेवढ्यावर आम्ही उपचार सुरू करतो. जपानने नानकाई खोलदरीत विवरे खणून तापमान आणि दाब मोजणारी उपकरणे कायमची बसवली आहेत. मकरानसाठीही असेच व्हायला हवे. राजकारण आड येईल. पण लाट सरहद्द पाहत नाही.

हैदराबादहून त्सुनामीचा इशारा देण्याची सोय २००७ पासून आहे. तो भूकंप झाल्यानंतरचा. मुंबई-कोकणाला तेव्हा काही तास मिळतील. त्या तासांत तळमजल्यावरचा अतिदक्षता विभाग कोण, कुठे हलवणार? किनाऱ्यावरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने याचे उत्तर आजच लिहून ठेवावे आणि वर्षातून एकदा रंगीत तालीम घ्यावी. रोगी दारात आल्यावर खाटा शोधायच्या नसतात.