मक्तेदारी नाकारली, हा सेगाचा गुन्हा नव्हता

सेगाचा ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल कशामुळे बुडाला, असे जुन्या गेमरांना विचारले की एक उत्तर हमखास मिळते: ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने (ईए) पाठ फिरवली म्हणून.’ त्याच्या जोडीला दुसरेही ऐकू येते: सेगाने ताठा सोडून ईएची अट मान्य केली असती, तर कंपनी तगली असती. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात.

ड्रीमकास्टच्या तयारीच्या काळात सेगा ऑफ अमेरिकाची सूत्रे बर्नी स्टोलर यांच्या हाती होती. त्यांच्या सांगण्यानुसार, ड्रीमकास्टवर खेळांचे गेम फक्त ईएचेच असावेत, अशी मागणी ईएचे प्रमुख लॅरी प्रोब्स्ट यांनी केली. व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ सेगाने याच खेळांसाठी हाताशी धरला होता. स्टोलर यांनी नकार दिला आणि बोलणी फिसकटली.

आता पहिले मत. ‘मॅडन’ आणि ‘फिफा’ हे ईएचे गेम नसल्याचा फटका बसला, हे खरेच. युरोपात तर ‘फिफा’ फार लोकप्रिय होता. पण ९ सप्टेंबर १९९९ रोजी ड्रीमकास्ट अमेरिकेत आला, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांच्या आसपास यंत्रे खपली, तीही ‘मॅडन’शिवाय. अमेरिकन फुटबॉलची उणीव व्हिज्युअल कन्सेप्ट्सच्या ‘एनएफएल २के’ने भरून काढली. त्यात कंट्रोलरमध्ये बसवलेल्या मेमरी युनिटच्या इवल्याशा पडद्यावर आपली चाल निवडता येई आणि शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला तिचा पत्ता लागत नसे. असा गेम पदरी असलेल्या यंत्राला ईएअभावी मेलेले म्हणता येत नाही.

घाव दुसरीकडून बसले. २००० मध्ये आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडी चालवत होता, शिवाय जुन्या प्लेस्टेशनचे गेमही. त्याची वाट पाहत गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. सेगाची तिजोरी आधीच्या तोट्यांनी रिकामी झाली होती. जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचे जाहीर केले.

आणि सेगाबद्दलच्या ईएच्या अविश्वासाचे मूळ कुठे होते? मे १९९५ मध्ये सेगाने सप्टेंबरसाठी ठरलेला सॅटर्न कन्सोल अचानक अमेरिकेत विक्रीला आणला. बाहेरच्या प्रकाशकांचे गेम तयार नव्हते. ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार भडकले. त्याआधी मोठा गाजावाजा करून आणलेला ३२एक्स हा जोड-कन्सोलही थोड्याच काळात वाऱ्यावर सोडला गेला. असा अनुभव गाठीशी असलेल्या प्रकाशकाने हात राखून ठेवला, तर त्याला विश्वासघातकी म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून सेगाने अट मान्य करायला हवी होती का? मुळीच नाही. ती मान्य झाली असती तर ‘एनएफएल २के’ जन्मालाच आला नसता. मक्तेदारी काय करते, हे पुढे दिसले. २००४ मध्ये या मालिकेचा पुढचा एक गेम २० डॉलरना बाजारात आला आणि ईएला ‘मॅडन’ची किंमत ३० डॉलरच्या आसपास उतरवावी लागली. त्याच डिसेंबरमध्ये ईएने अमेरिकन फुटबॉलची लीग असलेल्या एनएफएलशी एकाधिकाराचा करार केला. स्पर्धकाला खऱ्या संघांची आणि खेळाडूंची नावे वापरता येईनात, आणि किमतीची चुरस संपली. भुर्दंड खेळणाऱ्यांना पडला.

मग रास्त वाट कोणती? ती या दोन कंपन्यांनीच १९९० मध्ये चालून दाखवली होती. सेगाच्या जेनेसिस यंत्राची रचना ईएने स्वतःच उलगडली आणि त्या जोरावर परवाना-शुल्कात सवलत मिळवली. तेव्हाही ओढाताण कडवी होती. पण सौदा पैशांवर मिटला, बाजार खुला राहिला, आणि ‘मॅडन’मुळे जेनेसिसचे अमेरिकेत बस्तान बसायला मदतच झाली.

प्रकाशकाला नकाराचा पूर्ण अधिकार आहे; बुडत्या यंत्रावर पैसे लावण्याचे कर्ज त्याच्या डोक्यावर नाही. यंत्र बनवणाऱ्यानेही अडचणीच्या काळात शुल्क कमी करावे, जाहिरातीचा खर्च उचलावा, तारखांचा शब्द पाळावा, जोखीम वाटून घ्यावी. पण कोणता गेम घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. तो कंपनीच्या मालकीचा नाही, आणि कितीही तंगी असली तरी तिने तो विकायला काढू नये.