शनिवारचा हिशेब

दिवाळी आली की आमच्या इमारतीच्या जिन्यात ताटांची ये-जा सुरू होते. आम्ही ख्रिस्ती, पण विणलेल्या रुमालाखालची करंजी कुणाचा धर्म विचारीत नाही. दिवाळीत शेजाऱ्यांचा फराळ आमच्याकडे यावा, नाताळात आमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे जावा, हा क्रम कित्येक वर्षांचा. गेल्या दिवाळीत मात्र वरच्या मजल्यावरच्या अप्पांकडचे ताट आले नाही. आमच्या मंडळींनी दोनदा दाराकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. कारण आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

अप्पा आमच्या सोसायटीचे खजिनदार. निवृत्त गृहस्थ, व्यवहाराला चोख. गेल्या वर्षी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली. तिचा खर्च सभेत वाचला गेला, आणि मला तो फुगलेला वाटला. वर्गात बोलण्याची सवय असलेल्या माणसाला चारचौघांत बोलायला मिळाले की त्याच्या जिभेला लगाम राहत नाही. "ह्या हिशेबात कुठेतरी पाणी मुरते आहे," मी म्हणालो. टाकीचा हिशेब आणि त्यात पाणी मुरते! कोटी साधली, लोक हसले. अप्पा हसले नाहीत.

पुढे पंधरा दिवसांनी कागद चाळताना लक्षात आले की, मीच एका पावतीचा आकडा दोनदा धरला होता. चूक सर्वस्वी माझी. पण मी गप्प बसलो. झाले गेले विसरून जातील, अशी स्वतःची समजूत घातली. आपण दुसऱ्याला दुखावले असले की विसरण्याचे काम आपण मोठ्या उदारपणे त्याच्याकडे सोपवतो!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी चर्चमध्ये अर्पणाची पिशवी माझ्यापर्यंत आली, आणि त्याच सुमारास पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचायला घेतला. 'डोंगरावरील प्रवचन' म्हणून प्रसिद्ध असलेला हा भाग आहे. त्यात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, आणि मग परत येऊन ते वाहावे.

लहानपणापासून शंभरदा ऐकलेले हे वचन. पण व्याकरण शिकवणाऱ्याचे कान त्या दिवशी एका विभक्तीपाशी अडखळले. सल कोणाच्या मनात? आपल्या नव्हे, भावाच्या! तुझा राग गिळ, एवढेच इथे सांगितलेले नाही. तुझ्यामुळे ज्याच्या मनात काटा रुतला आहे, त्याच्याकडे तू चालत जा, असे सांगितले आहे. माझ्या मनात अप्पांविषयी काडीचाही राग नव्हता, आणि त्या शांत मनाचे मला कौतुक वाटत होते. ते कौतुक तिथेच संपले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. येशू हे बोलला गालील प्रांतात, आणि अर्पणाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधले अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे गालीलच्या शेतकऱ्याने अर्पण तिथेच सोडून गावी जायचे, शेजाऱ्याची समजूत घालायची, आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. माझी वाट होती अठरा पायऱ्यांची.

तेव्हा मला माझे वडील आठवले. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते शाळामास्तर होते. तिथल्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असे. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा हा विधी. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, वडील टोपी घालून आणि काठी घेऊन बाहेर पडत. "बाबा कुठे गेले?" म्हणून विचारले की आई म्हणे, "हिशेब मिटवायला." मला वाटे, वाण्याची उधारी असेल. पुढे कळले की, महिन्याभरात ज्याला कुणाला ते टाकून बोलले असतील, त्याच्या दारी जात.

मी त्या शनिवारी अठरा पायऱ्या चढलो. अप्पांनी दार उघडले, "या, प्रोफेसर," म्हणाले. मी चूक कबूल केली, क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाले, "तुम्ही आलात, बरे वाटले. पण माझ्यावर आळ घेतलात तो तीस माणसांसमोर. क्षमा मागता आहात ती बंद दाराआड."

मला राग आला, हे लपवीत नाही. एवढा वर आलो ते पुरेसे नाही? पण जिना उतरताना वडिलांच्या हिशेबाचा उरलेला अर्धा भाग आठवला. एका मुलावर पेन्सिल चोरल्याचा आळ घेऊन त्यांनी त्याला छडी मारली होती, आणि पेन्सिल मागाहून दुसऱ्याच्याच दप्तरात सापडली. शनिवारी ते त्याच्या घरी गेले. मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. मारले होते भर वर्गात, म्हणून सोमवारी भर वर्गात त्यांनी आपली चूक सांगितली. हे मला त्या मुलानेच कितीतरी वर्षांनी सांगितले. तोवर तो आजोबा झाला होता. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवा. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे तो उभा राहून, सर्वांदेखत सांगतो.

पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात वेचली. जेमतेम अक्षरओळख असलेल्या खेड्यातल्या बाईलाही ते कळावे, ही त्यांची तळमळ. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा ते काम पुरे झाले होते. शास्त्र सोपे करून देणारे असे लोक आपल्याला लाभले. 'कळते पण वळत नाही' ह्यावर मात्र कोणत्याही भाषांतरकाराचा इलाज चालत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करायचे.

जानेवारीच्या सभेत मी उभा राहिलो. हिशेब बरोबर होता, चूक माझी होती, आणि मी केलेली कोटी अन्यायाची होती, एवढे तीन वाक्यांत सांगितले. ह्या वेळी कुणी हसले नाही. इतके छोटे व्याख्यान मी आयुष्यात दिले नसेल, आणि इतके अवघडही. अप्पांनी चष्मा पुसला, आणि पुढचा खर्च वाचायला घेतला.

यंदा त्यांच्याकडचे ताट येईल की नाही, सांगता येत नाही. आमच्या मंडळी म्हणतात, "नाही आले तर नाताळची वाट कशाला पाहायची? आपणच आधी पाठवू." शास्त्र त्यांना माझ्याआधी वळले आहे.