परसदारी : खुराड्यातली दादागिरी

परसात चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींची एक तक्रार हमखास असते. नवी तलंग आणली, तर जुन्या तिला दाणा टिपू देत नाहीत. सांगलीहून एका वाचक भगिनीने कळवलंय की, त्यांच्या तलंगीच्या शेपटीपाशी टोचून टोचून रक्त काढलंय आणि सासूबाई म्हणतात, "मरायच्या आधी कापून तरी टाका." तर भगिनींनो, सुरी बाजूला ठेवा. वेळेवर हालचाल केली तर अशी तलंग बहुधा वाचते आणि पुढे अंडीही देते.

टोचाटोची ही कोंबड्यांची रीतच आहे. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या संशोधकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ साली लिहून ठेवले की, कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी सगळ्यांचे टोचे खाते. (आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण कागदावर कोण उतरवणार?) पायऱ्या ठरल्या की भांडण मिटते. नुसती मान उंचावली तरी धाकटी बाजूला होते. पण नवी आली, एखादी मेली, किंवा खुडूक बसलेली तीन आठवड्यांनी परत आली, की मांडणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा एखाद-दुसरा टोचा, थोडा पाठलाग, यात आपण पडू नये.

रक्त दिसलं मात्र, तर तासभरही थांबू नका. लाल रंग दिसला की गरीब स्वभावाची कोंबडीसुद्धा तिथेच चोच मारते. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीचं अंग अंडं घालताना थोडं बाहेर येतं. तिथे टोचा बसला तर आतडी ओढली जाऊन जीव जातो.

जखमी तलंग लगेच डालग्याखाली झाका. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन हळद आणि खोबरेल तेल लावा. सांगलीकरणींना हळदीचे गुण मी काय सांगावे! इथे तिचा आणखी एक उपयोग म्हणजे लाली झाकली जाते. डालगं त्याच परसात, बाकीच्यांना दिसेल असं ठेवा. आठवडाभर मागच्या खोलीत कोंडलीत, तर बाहेर येताना ती पुन्हा परकीच.

पाठीवरची पिसं गेली आहेत, जखम नाही आणि घरी कोंबडा आहे, तर दोष कोंबड्याचा समजावा. उगाच थोरलीला बोल लावू नये.

आता कारणं बघू. पहिलं कारण जागा. रात्री खुराड्यात एकेकीला दोन चौरस फूट आणि बसायच्या दांडीवर नऊ-दहा इंच तरी हवेत. दिवसा मोकळं अंगण असेल तर उत्तमच. दाण्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी ठेवा, तीही एकमेकांपासून लांब, कारण थोरली दोन ठिकाणी एकदम पहारा करू शकत नाही. आणि कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरासारखी वेळ येऊन शेजारणीच्या कोंबड्या आपल्या गच्चीवर घ्याव्या लागल्या, तर दोन घरच्या कोंबड्या एकत्र सोडू नका. मध्ये जाळी नाहीतर खाट आडवी उभी करा.

दुसरं कारण खाणं, आणि आपण बायका इथेच काटकसर करतो. नुसता मका, ज्वारी आणि कणी टाकली तर पोट भरतं, पण अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात सोळा ते अठरा टक्के प्रथिनं लागतात. मक्यात ती नऊच्या आसपास. कमी पडली की एकमेकींची पिसं उपटून खातात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य मिळालं तर उत्तम, नाहीतर दाण्यात सोयाबीनची पेंड मिसळा. बुरसलेली भुईमुगाची पेंड मात्र स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, ती विषारी असते. सातारकडच्या पावसाळ्यात कोंबड्या दिवसभर कोंडलेल्या असतात, तेव्हा मेथीची जुडी नाहीतर कोबीचा गड्डा सुतळीने टांगून ठेवावा. चोचींना तेवढाच उद्योग. राख-मातीचं घमेलंही कोपऱ्यात असू द्या, उवा-पिसवांनी बेजार झालेली कोंबडी चिडकी होते.

नवी आणायची झाली तर एकटी आणू नका, दोघी आणा. आधी दोन-तीन आठवडे अगदी वेगळ्या ठेवा, मानमोडीची भीती असते. मग आठवडाभर जाळीपलीकडे. नंतर रात्री अंधारात हळूच दांडीवर बसवा. अंगापिंडाने फार तफावत नको. गिरिराजा दांडगी, तिच्यापुढे कडकनाथ लहानखुरी.

सगळ्यांचा छळ करणारी एकच असेल, तर तिलाच चार-पाच दिवस बाहेर काढा. परतल्यावर तिची पायरी घसरलेली असते. दोनदा असं करूनही ती रक्त काढत असेल तर खुशाल विकून टाका. कुणी चोच छाटायला सांगेल, ते मात्र घरी करू नका. चोचीत रक्तवाहिन्या असतात, तिला दुखतं.

सांगलीच्या भगिनींनी तलंग परत मिसळायची घाई करू नये. नव्या पिसांच्या कोंबांतही रक्त असतं, ते पुरते उलगडेपर्यंत डालगंच बरं.