ते शून्य कुणाचे?

आमच्या डिंभ्याकडे कबड्डीत पकड झाली की कोपरारक्षकाच्या नावावर निदान गुण तरी पडतो. फुटबॉलमधल्या बचावपटूच्या खात्यावर जमा होते ते काय? गोव्याचा महेश गवळी १९९९ पासून २०११ पर्यंत भारताकडून खेळला. २००७ साली दिल्लीत भारताने सीरियाला १-० असे हरवून नेहरू चषक जिंकला. गोल प्रदीपचा, त्याचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या धावफलकावरचे शून्य गवळी आणि त्याच्या साथीदारांनी राखले, हे कितीजणांच्या ध्यानात आहे? पुढे २०११ च्या आशिया चषकात, दोहा येथे, ३ सामन्यांत १३ गोल झाले. ते मात्र सर्वांनी बोटांवर मोजले! मला हा न्याय मुळीच पटत नाही.